राज्यसंस्था विरेल, पण तिच्या जागी काय? महाराष्ट्रातल्या डाव्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रिय कॉम्रेड्स आणि साथींनो,

तुम्हाला विचारलेले दोन प्रश्न जवळपास सत्तर वर्षे उत्तराविना पडून आहेत. विचारणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात त्यांनी म्हटले की, राज्यसंस्था शेवटी विरून जाईल असे कम्युनिस्ट सांगतात. मग ती कधी विरणार, आणि विरल्यावर तिच्या जागी काय येणार? पहिल्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, हेही त्यांनी तिथेच बजावले. निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात तो १९८७ साली आला. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या दोन-तीन आठवडे आधी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स याच विषयावर बोलले होते. त्यांचे म्हणणे तेव्हापासून तुमच्यासमोर आहे.

मी कोणत्याही पक्षाची सभासद नाही. घरकामगार बायांच्या संघटनेत आणि थोडेफार वनहक्काच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली. तुमच्या मोर्च्यांत चालले, तुमच्या अभ्यासवर्गांना बसले, पुढे काही वर्ग घेतलेही. वर्गात राज्यसंस्थेचा उगम नीट शिकवला जातो. भांडवली राज्य कोणाच्या बाजूचे, हेही शिकवले जाते. कामगारांच्या हाती सत्ता आल्यानंतर पुढे काय, हा भाग मात्र ‘मग राज्याची गरजच उरणार नाही’ या एका वाक्यावर आटोपतो. हे वाक्य ऐकताना समोर बसलेल्या बाईच्या मनात काय येत असेल, याचा विचार आपण केलेला नाही. तिला रेशनकार्डावर नाव चढवायला सात खेटे घालावे लागतात आणि नवऱ्याने मारले तर पोलीस चौकीशिवाय दुसरे दार नाही. राज्याची गरज उरणार नाही म्हणजे तिचे रेशन जाणार की तिचे खेटे? तिला मारणाऱ्याला आवरणारे कोणी उरणार की नाही? हा साधा प्रश्न म्हणजेच बाबासाहेबांचा दुसरा प्रश्न.

मूळ विचार काय होता, तो थोडक्यात सांगते; तुम्हाला तो माहीत आहे, पण हे पत्र तुमच्याबाहेरचे लोकही वाचतील. मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८७८ मध्ये मांडले की, उत्पादनाची साधने समाजाच्या नावाने ताब्यात घेणे हे कामगारांच्या राज्याचे राज्य म्हणून शेवटचे स्वतंत्र काम. वर्ग संपले की एका वर्गाने दुसऱ्याला दाबून ठेवायचे यंत्र बिनकामाचे होते, माणसांवरच्या हुकमतीच्या जागी वस्तूंची व्यवस्था येते. हुकूम काढून राज्य रद्द करता येत नाही, ते विरत जाते. त्याआधी १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनने, म्हणजे पॅरिसच्या कामगारांनी उभ्या केलेल्या सत्तेने, याची चुणूक दाखवली होती: निवडून दिलेल्यांना परत बोलावता येईल, अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या मजुरीइतका, खड्या फौजेऐवजी हत्यारबंद नागरिक. ती सत्ता दोन महिने आणि काही दिवस टिकली. लेनिनने १९१७ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये लपून राहताना याच धाग्यावर पुस्तक लिहिले आणि एक मोलाची भर घातली. सार्वजनिक जीवनाचे साधे नियम माणसे सवयीने पाळू लागतील, जबरदस्तीची गरज तशी तशी कमी होईल, असे तो म्हणाला. सवय हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

लेनिनचे आणखी एक वाक्य आपल्याकडे फार उलटसुलट सांगितले जाते. स्वयंपाकीणसुद्धा राज्यकारभार चालवू शकेल असे तो म्हणाला, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. प्रत्यक्षात त्याने लिहिले ते असे की, कोणीही अकुशल मजूर किंवा स्वयंपाकीण उद्याच्या उद्या कारभार हाती घेऊ शकणार नाही हे आम्हाला कळते. पण तिला ते शिकवायला आजपासून सुरुवात झाली पाहिजे, आणि शिकवणारे स्वतः जागृत कामगार असले पाहिजेत. मी स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या संघटनेत काम करते, म्हणून हे वाक्य मला जवळचे आहे. राज्य अनावश्यक होण्याचा सगळा रस्ता त्या ‘शिकवायला’ या शब्दातून जातो, आणि नेमके तेच काम आपण मागे टाकले आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, ही वेळ आहे का हे बोलायची? सरकार कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करायला निघाले आहे, अंगणवाडीताईला पगाराऐवजी मानधन देते, सरकारी दवाखान्यात ठेक्यावर माणसे भरते. अशा काळात राज्य मागे सरावे असे आपणही बोललो तर खासगीकरणवाल्यांचेच फावेल. ही भीती मला समजते. पण नीट पाहा. सरकार मागे सरते आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले काय जाते आहे? शाळा जाते, कायम नोकरी जाते, एसटीची गाडी जाते. पोलीस ठाणे कुठे बंद झाल्याचे मी ऐकले नाही. आणि याच काळात, जुलै २०२५ मध्ये, विधिमंडळाने ‘कडव्या डाव्या’ संघटनांच्या नावाने आणलेले जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, आणि त्यात निशाण्यावर कोण आहे हे तुम्हाला सांगायला नको. याला राज्य विरणे म्हणत नाहीत. दवाखाना आधी काढून घ्यायचा आणि दंडुका जाडजूड करायचा, हा तर एंगेल्सच्या म्हणण्याचा नेमका उलटा क्रम आहे. समाजवादी राज्य विरत जायचे असेल तर दंडुका आधी झिजला पाहिजे आणि दवाखाना शेवटपर्यंत राहिला पाहिजे. पुढे त्या दवाखान्याचा कारभार गावाच्या, वस्तीच्या हाती गेला पाहिजे. क्रमाचा हा फरक आपण लोकांसमोर कधी ठेवलेला नाही, म्हणून राज्याचा बचाव करता करता आपण सरकारी कार्यालयाचेही वकील होऊन बसतो. ज्या टेबलावर आपल्या बायांचा अपमान होतो, त्या टेबलाची बाजू आपण का घ्यावी?

आता इतिहासाकडे येते, कारण बाबासाहेबांचा पहिला प्रश्न, ‘कधी?’, त्याची उत्तरे देण्याचा प्रयत्न सत्तेवर बसलेल्यांनी केला आहे आणि ती उत्तरे फार शिकवणारी आहेत.

स्तालिनने सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या १९३० च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अधिवेशनात, सांगितले की, राज्य विरावे हे आम्हाला मान्य आहे, आणि त्याची तयारी म्हणून राज्यसत्ता आजवर कधी नव्हती इतकी बळकट करायची आहे. यात विसंगती आहे का, तर आहे, पण ती जीवनातलीच विसंगती आहे, असे त्याने पुढे जोडले. १९३९ मध्ये त्याने आणखी स्पष्ट केले: भांडवली देशांचा वेढा असेपर्यंत साम्यवादातही राज्य राहील. फॅसिस्ट जर्मनी दारात उभी होती, वेढा खोटा नव्हता. पण त्या वेढ्याच्या नावाने जे यंत्र उभे राहिले त्याने सर्वांत आधी स्वतःच्याच पक्षातले लोक खाल्ले. एकदा ‘आधी बळकट, मग विरेल’ हे सूत्र मान्य केले की ‘मग’ कधी येतच नाही, कारण ते कधी आले हे ठरवणारा बळकट झालेलाच असतो.

स्तालिननंतर सत्तेवर आलेल्या ख्रुश्चेव्हने १९६१ च्या बाविसाव्या पक्ष काँग्रेसमध्ये तारीखच दिली. साम्यवादी समाजाचा पाया १९८० पर्यंत घातला जाईल आणि सोव्हिएत राज्य आता एका वर्गाचे राहिले नसून सगळ्या जनतेचे झाले आहे, असे कार्यक्रमात लिहिले गेले. राज्याची कामे समाजाकडे सोपवायला सुरुवातही झाली. रस्त्यांवर स्वयंसेवकांची गस्त पथके आली. कारखान्यांत आणि वसाहतींत सहकाऱ्यांची न्यायालये आली. आपल्याकडच्या डाव्या मंडळींनी तेव्हा याचे कौतुक केले आणि ते कौतुक प्रामाणिक होते. पण त्याच वर्षी ‘ऐतखाऊं’विरुद्धचा कायदा आला आणि त्यात न्यायालयाबरोबरच कामगारांच्या समूहालाही माणसाला दोन ते पाच वर्षे हद्दपार करायचा अधिकार मिळाला. वकील नाही, पुराव्याचे नियम नाहीत; शेजारी-पाजारी आणि सहकारी बसणार आणि ठरवणार. कवी जोसेफ ब्रॉडस्कीला १९६४ मध्ये याच कायद्याखाली लेनिनग्राडच्या न्यायालयाने पाच वर्षांसाठी उत्तरेकडे पाठवले. कविता लिहिणे हे काम नाही, असे ठरले.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटायला नको. राज्याच्या हातातली काठी शेजाऱ्याच्या हातात गेली की ती जास्त जवळून बसते. आपण त्याला वाळीत टाकणे म्हणतो. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीने घरांवर बहिष्कार घातला, दुकानातून मीठ-मिरची बंद केली, मयताला खांदा द्यायला कोणी जायचे नाही असे फर्मान काढले. जातपंचायतींनी आंतरजातीय लग्न केलेल्या मुलींना काय काय शिक्षा दिल्या, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून ‘मूठमाती’ मोहिमेत एकामागून एक उघड केले. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. त्यानंतर सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा यायला २०१६ उजाडले आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. मधली पन्नासहून अधिक वर्षे या बाबतीत राज्य जवळजवळ नव्हतेच. तिथे काय उगवले? स्वयंशासन उगवले नाही. जात होती, ती राज्य करत होती.

म्हणून बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके म्हटले ते रागाच्या भरात म्हटले नव्हते. आणि त्याच माणसाने १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि हे संविधानातच लिहून ठेवावे अशी मागणी केली होती. राज्य समाजवादाचा त्यांच्याइतका रोखठोक मसुदा त्या वेळी तुमच्यापैकी कोणी दिला होता? ज्याने राज्याकडे इतके मागितले तोच विचारतो आहे की राज्य गेल्यावर काय. या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. दलिताला गावापासून वाचवायला राज्य हवे, आणि राज्यापासून माणसाला वाचवायला राज्याच्या पलीकडचे काहीतरी हवे. तुम्ही पहिला अर्धा भाग घेतला (तोही उशिरा), दुसरा सोडून दिला.

युगोस्लाव्हियाचे उदाहरण तुमच्या चर्चेत फारसे येत नाही, ते यायला हवे. तिथल्या कम्युनिस्टांनी स्तालिनशी फारकत झाल्यावर १९५० च्या जूनमध्ये कायदा करून कारखाने कामगार परिषदांच्या हाती दिले, आणि हे राज्य विरण्याचे पहिले पाऊल आहे असे उघड म्हटले. १९५२ मध्ये पक्षाचे नाव बदलून ‘कम्युनिस्टांचा संघ’ केले, कारण आपण आता हुकूम देणार नाही, फक्त दिशा दाखवणार, असे त्यांना सांगायचे होते. हे सगळे मनापासून होते. परिषदा निवडल्या गेल्या, बैठका झाल्या, अनेक कामगार तिथे हिशेब वाचायला शिकले. आजही मला या प्रयोगाबद्दल आदर वाटतो. पण १९७४ च्या संविधानात ४०६ कलमे झाली आणि १९७६ च्या ‘संयुक्त श्रमा’च्या कायद्यात ६७१. राज्य कमी करायला निघालेल्यांना इतके लिहावे लागले, आणि ते वाचून अर्थ लावायला वकील, संचालक, पक्षाचे सचिव लागले. कामगार परिषदेत हात वर करायचा, पण कर्ज द्यायचे की नाही हे बँक आणि पक्षाची समिती ठरवायची. शिवाय श्रीमंत प्रजासत्ताकातला कारखाना आणि गरीब प्रजासत्ताकातला कारखाना यांत दरी वाढत गेली. राज्याचे तुकडे झाले, वाटण्या झाल्या; पक्ष मात्र होता तिथेच राहिला. पक्षच विरायला तयार नसेल तर राज्य विरणे म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान हलवणे.

हे ऐकून तुमच्यातले काही म्हणतील, मग बाबासाहेबच खरे, धम्माशिवाय उत्तर नाही. त्यांनी तसेच लिहिले होते: बळ काढून घेतल्यावर व्यवस्था टिकवू शकेल असे काही असेल तर तो धर्म. तुम्ही या वाक्यापाशी अडखळता आणि पान उलटता. मला वाटते थांबून वाचले पाहिजे. लेनिन म्हणतो, नियम सवयीने पाळले जातील. बाबासाहेब विचारतात, ही सवय लागणार कशी, लावणार कोण? बंधुभाव ज्याच्या अंगात मुरलेला नाही तो पोलीस गेल्यावर शेजाऱ्याची विहीर बाटवल्याच्या रागाने कुऱ्हाड काढील. दोघे एकाच ठिकाणी येऊन थांबले आहेत. एकाने तिथे सवय ठेवली, दुसऱ्याने धम्म. मी धार्मिक बाई नाही. पण समतेने वागण्याची सवय हे वेगळे, मुद्दाम करायचे काम आहे आणि मालकीहक्क बदलल्याने ते आपोआप होत नाही, एवढे मला बाबासाहेबांनी पटवून दिले आहे.

आणि आपल्या मातीत एक सत्ता अनावश्यक होताना आपण पाहिलेली आहे. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी भटजीवाचून लग्ने लावायला सुरुवात झाली. पुरोहितशाही कायद्याने बंद झाली नव्हती. भटजीवर बंदी घातली नव्हती. मंगलाष्टके मराठीत आली, वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यायचे ते त्यांना कळू लागले, विधी आपल्यातलाच कोणी सांगू लागला आणि ज्या घरात हे झाले त्या घरापुरती एक हजारो वर्षांची सत्ता बिनकामाची झाली. सगळीकडे झाली नाही, हेही खरे. आजही कितीतरी कार्यकर्त्यांच्या घरची लग्ने भटजीच लावतो. पण रीत दिसली. ज्या कामासाठी सत्तेकडे जावे लागते ते काम लोकांना येऊ लागले, त्या कामातली भीती गेली, आणि चुकले तर दाद मागायला जागा राहिली की सत्तेचा तेवढा तुकडा गळून पडतो.

हेच राज्यसंस्थेच्या बाबतीत तुकड्या-तुकड्याने करता येते, आणि त्याचे कच्चे नमुने आपल्याजवळ आहेत. तुमच्याच पक्षांनी केरळात एक केला. १७ ऑगस्ट १९९६ रोजी, नायनार सरकारच्या काळात, लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा पंचायती-नगरपालिकांकडे देण्याचा निर्णय झाला. पैसा देणे ही त्यातली सोपी बाजू. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक पंचायतीने आपला विकास अहवाल स्वतः लिहिला, दहा टक्के रक्कम स्त्रियांच्या योजनांसाठी वेगळी ठेवली, आणि निवृत्त अभियंते, डॉक्टर, शिक्षक स्वयंसेवक म्हणून पंचायतींच्या मदतीला आले. तांत्रिक मंजुरीसाठी खात्याच्या साहेबाच्या दारात उभे राहण्याऐवजी तज्ज्ञांच्या समितीकडे जाता येऊ लागले. ठेकेदाराऐवजी लाभार्थींच्या समित्यांनी कामे करायची, असा नियम झाला. अनेक ठिकाणी त्या समित्यांच्या मागे ठेकेदारच निघाले, हे लपवायचे कारण नाही. पण खात्याच्या कारभारातले एक कुलूप उघडले गेले, ते उघडता येते हे दिसले. लेनिनच्या स्वयंपाकिणीला शिकवण्याचे काम तिथे कुठेतरी खरोखर सुरू झाले होते.

महाराष्ट्रातले नमुने छोटे आहेत, पण जातीचा प्रश्न घेऊन उभे आहेत म्हणून मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. विलासराव साळुंख्यांनी पुरंदरमधल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली तेव्हा नियम केले: पाणी माणशी अर्ध्या एकराला, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही, पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता यायचा नाही. खानापूर तालुक्यात येरळेवरच्या बळीराजा स्मृती धरणाचे पाणीही भूमिहीनांसकट सर्वांना, हा आग्रह तिथल्या चळवळीने धरला. पाटबंधारे खात्याचे काम गावाने घेतले, एवढेच यात नाही. घेताना गावातल्या जुन्या मालकीची वाटणी मोडली. ती न मोडता खाते हटवले असते तर पाणी पाटलाच्या उसाला गेले असते. सहकारी साखर कारखान्यांचे हेच झाले. प्रवरेला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी पहिला रोवला तेव्हा ती शेतकऱ्यांची सत्ता होती. ऊसतोडणी कामगाराचा त्या सभासदत्वात कधी वाटा नव्हता, आणि संस्था घराण्यांच्या होत गेल्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे नाव तुम्ही घ्यालच. ‘दिल्ली-मुंबई आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा मलाही तोंडपाठ आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. निर्णय सर्वसहमतीने, एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा, आणि निर्णयाआधी अभ्यासगट. गडचिरोलीतल्या इतर ग्रामसभा पुढे बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या; वनखात्याचा माणूस मध्ये नसला तरी काम चालते हे त्यांनी दाखवले. पण मेंढा जवळजवळ संपूर्ण गोंडांचे गाव आहे. मराठवाड्यातल्या सहा जातींच्या गावात सर्वसहमतीचा अर्थ काय होईल, हे तिथल्या मातंग वस्तीला विचारून मगच मी बोलेन.

शहरात आपल्याकडे माथाडी कायदा आहे, १९६९ चा, आणि हमाल-माथाडींच्या लढ्यातून आलेला. मालक, कामगार आणि सरकार यांचे मिळून मंडळ. मजुरी मंडळात जमा, त्यावर लेव्ही म्हणजे मालकाने भरायची जादा रक्कम, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी. कारखान्याच्या नोकरीत नसलेल्या माणसाला हे मिळवून देणारी अशी व्यवस्था देशात फार थोड्या ठिकाणी आहे. कामगारांच्या नावापुरत्या, खोट्या टोळ्यांनी तिची बदनामी केली, आणि मंडळातली सरकारची खुर्ची मोठी होत गेली. तुम्ही आणि आम्ही माथाडी वाचवा म्हणून मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण मंडळातले कोणते काम टोळीच्या प्रतिनिधींनी स्वतः घ्यावे, हजेरी कोणी तपासावी, खोटी टोळी कोणी पकडावी, यावर एक तरी शिबिर झाले आहे का? आमच्या घरकामगार बायांसाठीही आपण असेच मंडळ मागत आलो. मिळेल तेव्हा ते कोण चालवणार, या तयारीत आम्ही स्वतः किती कमी आहोत, ते मला रोज दिसते.

तर माझी मागणी अशी. तुमच्या जाहीरनाम्यातल्या प्रत्येक ‘सरकारने द्यावे’पुढे आणखी दोन ओळी लिहा: या कामातला सरकारचा कोणता अधिकार लोकांकडे जाणार, आणि तो पेलायला लोकांना कोण, कुठे, किती काळ शिकवणार. रेशनचे धान्य सरकारच्या पैशातूनच आले पाहिजे, तो भाग कधीच सोडायचा नाही. पण कोण पात्र याची यादी तहसीलच्या कपाटात का? ती वस्तीत मोठ्याने वाचली जावी, नाव गळाले तर तिथल्या तिथे प्रश्न विचारता यावा. आणि वस्तीनेच कोणाला वगळले तर, पारध्याला, एकट्या राहणाऱ्या बाईला, वस्तीबाहेर दाद मागायची जागा कायम असावी. अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा, बहिष्काराविरुद्धचा कायदा, घरातल्या माराविरुद्धचा कायदा ही राज्याची कामे सगळ्यांत शेवटी सोडायची. दाखला, परवाना, कपाटातली फाईल, जमावबंदी ही आधी. राज्याचा अमुक तुकडा आता नको असे म्हणायचा पहिला हक्क त्या माणसाचा, ज्याला आज त्या तुकड्याशिवाय आधार नाही. ‘कधी?’ या बाबासाहेबांच्या प्रश्नाला मला दुसरे प्रामाणिक उत्तर दिसत नाही. तारीख ख्रुश्चेव्हसारखी काँग्रेसमध्ये ठरवता येत नाही.

हे पक्षापासूनच सुरू व्हायला हवे. माकपने २०१२ मध्ये कोळिकोडच्या अधिवेशनात सरचिटणीसपदासकट पक्षातल्या सचिवपदांना तीन मुदतींची मर्यादा घातली, हे चांगले झाले. मग कामगार संघटनेत तेच सचिव वीस-वीस वर्षे का? युनियनचा हिशेब सभासद बायांना वाचता येतो का, की ‘सगळे बरोबर आहे’ म्हणून अंगठा घेतला जातो? ज्या संघटनेत स्वयंपाकीण खजिनदार होऊ शकत नाही, तिच्या सरकारात ती मंत्रालय चालवणार नाही.

तुमच्या पुढच्या राज्य अधिवेशनाच्या मसुद्यात राज्यसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण घ्या. त्यात बाबासाहेबांचे दोन्ही प्रश्न त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्याच शब्दांत छापा, आणि खाली तुमचे उत्तर लिहा. अपुरे असले तरी चालेल. मसुदा सोप्या मराठीत काढा आणि अधिवेशनाच्या आधी वस्त्यांवर, ग्रामसभांत, माथाडींच्या टोळ्यांत वाचायला द्या, म्हणजे दुरुस्त्या तिथूनही येतील. आमच्या संघटनेच्या बैठका रविवारी दुपारी, बायांची कामे उरकल्यावर होतात. तुमच्यापैकी कोणीही मसुदा घेऊन या, आम्ही दोन-तीन रविवार त्यासाठी ठेवू आणि आमच्या दुरुस्त्या लेखी देऊ.

जय भीम, लाल सलाम.

आपली,
घरकामगार संघटनेतली एक कार्यकर्ती